वीस मिनिटांनी गेमचा एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) घसरतो : १२७००एफ प्रोसेसर + ३०६० टीआय ग्राफिक कार्ड, खोलीचं तापमान ३९

तापीकाठ

नमस्कार मंडळी. जळगावात सध्या दुपारी घरातच ३८-३९ अंश असतात. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मशीन असं :

आय७-१२७००एफ, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर. बी६६० चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड, व्हीआरएमवर (बोर्डाचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नाही. आरटीएक्स ३०६० टीआय, दोन पंख्यांचं. १६ जीबी रॅम, दोन स्टिक, एक्सएमपी (रॅम जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. ६५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). कॅबिनेटला पुढे पूर्ण काच, काचेमागे तीन आरजीबी पंखे, मागे एक.

सायबरपंक २०७७, १०८०पी, हाय, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) क्वालिटी. पहिली दहा मिनिटं ९०-९५ एफपीएस मिळतात, मग हळूहळू ६५. विसाव्या मिनिटापासून अधूनमधून दोन-तीन सेकंद सगळं अडकतं, एफपीएस २०च्या खाली जातो आणि परत वर येतो. मशीन बंद पडत नाही, निळा पडदाही नाही.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान-क्लॉक दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले अर्ध्या तासाचे आकडे :

सीपीयू पॅकेज कमाल १००. पॉवर आधी १०५ वॅट, नंतर ७०-७५.
पी-कोर (प्रोसेसरचे मुख्य कोर) क्लॉक ४.५ वरून ३.६ गिगाहर्ट्‌झ. अडकतं तेव्हा थेट ०.८.
व्हीआरएम मॉस (त्यातले मॉस्फेट, म्हणजे वीज नियंत्रित करणाऱ्या चिपा) ११२.
ग्राफिक कार्ड ८३, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) १०६, क्लॉक १९०५ वरून १५६० मेगाहर्ट्‌झ.
एसएसडी ६६.

दुकानदार ३६० चा लिक्विड कूलर आणि ८५० वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणतोय. त्याआधी विचारावं म्हटलं. सुरुवात कुठून करू?

---

उष्मागती

आकडे नीट दिलेत, त्यामुळे अंदाजपंचे बोलावं लागत नाही. तुमच्या मशीनला तीन वेगवेगळे ब्रेक लागताहेत.

पहिला प्रोसेसरचा. १२७००एफची कमाल मर्यादा १०० अंश. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक आणि व्होल्टेज कमी करतो. ४.५ वरून ३.६ ही घसरण त्याची. ती सावकाश येते आणि टिकून राहते, म्हणून ९५ चे ६५ होतात.

दुसरा व्हीआरएमचा. क्लॉक एकदम ०.८ वर आपटतो ती प्रोसेसरच्या स्वतःच्या तापाची खूण नाही. प्रोसेसर तापला तर तो हळूहळू क्लॉक सोडतो. ०.८ म्हणजे बोर्डाने बाहेरून हात आखडायला सांगितलंय. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' उघडा. 'आयए : प्रोचॉट' किंवा 'आयए : व्हीआर थर्मल अलर्ट' यापुढे 'येस' दिसलं की शंका उरत नाही. 'आयए : थर्मल इव्हेंट' एवढंच 'येस' असेल तर तो पहिला ब्रेक. गेम वीस मिनिटं चालल्यावर खालचं घड्याळाचं बटण दाबून कमाल-किमान आकडे पुसा आणि मग नोंद घ्या, नाहीतर गेम लोड होतानाचे आकडे त्यात मिसळतात. नोंदीचा कालावधी २००० वरून १००० मिलिसेकंद करा, दोन सेकंदांचा झटका त्यात सापडतो.

तिसरा ग्राफिक कार्डाचा. या पिढीत कार्डाचं ठरवलेलं लक्ष्य साधारण ८३ अंश असतं. तिथे पोचलं की कार्ड १५-१५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं. पण तुमच्याकडे खरी गोम हॉट स्पॉटमध्ये आहे. कोर ८३ आणि हॉट स्पॉट १०६, म्हणजे फरक २३. निरोगी कार्डात तो १० ते १५ असतो. २० च्या वर गेला की चिप आणि हीटसिंकमधली उष्णतावाहक पेस्ट कडेला सरकलेली असते किंवा हीटसिंक एका बाजूला नीट टेकलेला नसतो. हे दुखणं पंखे वाढवून जात नाही.

आता खोलीबद्दल. परीक्षणांमध्ये जे तापमान दाखवतात ते बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीतलं असतं. खोली जितकी गरम, जवळपास तितकेच अंश प्रत्येक भागात वाढतात. तिकडे ६७ दाखवणारं कार्ड तुमच्याकडे ८४ दाखवणारच. म्हणून नुसता आकडा बघू नका, खोलीपेक्षा किती जास्त ते लिहून ठेवा. दुपारी ३९ मध्ये एक चाचणी आणि रात्री ३२ मध्ये दुसरी, अशी तुलना केली तर काय सुधारलं ते कळणारच नाही.

एसएमपीएस बदलू नका. प्रोसेसर १०५, कार्ड २००, बाकी सगळं ५० धरलं तरी ३५५ वॅट. एसएमपीएस कमी पडला तर मशीन खटकन बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं, संथ होत नाही.

---

बोर्डदुरुस्त

वरच्याशी सहमत. मी फक्त व्हीआरएम आणि बायोसवर (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जवर) लिहितो, कारण एक पैसा न घालवता सगळ्यात मोठा फरक तिथेच पडेल.

१२७००एफची मूळ पॉवर ६५ वॅट आणि कमाल टर्बो १८० वॅट. पुष्कळ बोर्ड कारखान्यातूनच ही मर्यादा उघडी सोडून येतात. बायोसमध्ये ती ४०९५ किंवा ४०९६ वॅट अशी दिसते, म्हणजे लगामच नाही. ६५ वॅटच्या हिशोबाने बनवलेला कूलर आणि उघडे मॉस्फेट यांच्यावर १०० वॅटच्या वर सतत भार टाकला की ३९ अंशांच्या खोलीत हेच होणार.

बायोसमध्ये जा. नाव बोर्डाप्रमाणे बदलतं, पण 'लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट' आणि 'शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट' या दोन ओळी शोधा. दोन्हींत ७५ घाला. सोबतचा कूलर आहे तोवर ७५ च. काही बोर्ड कूलर कोणता ते विचारतात, तिथे 'बॉक्स कूलर' निवडा म्हणजे ६५ ची मर्यादा आपोआप लागते. ७५ वॅटवर रेंडरिंगला वेळ लागेल, गेममध्ये मात्र प्रोसेसरचे सगळे कोर एकदम पूर्ण जोरात नसतात, त्यामुळे सुरुवातीचे ९५ होते तिथे ८५-९० मिळतील आणि तेवढेच टिकतील. आज ६५ आणि झटके मिळताहेत.

व्होल्टेज कमी करायचा मोह टाळा. या पिढीच्या 'के' नसलेल्या प्रोसेसरला बी६६० वर व्होल्टेज ऑफसेट दिला तर सीईपी नावाचं संरक्षण मध्ये येतं. क्लॉक ४.५ च दिसतो, प्रत्यक्ष काम कमी होतं. तापमान उतरलं म्हणून आनंद होतो आणि सिनेबेंच या वेग-चाचणीचे गुण मात्र पडलेले असतात. व्होल्टेजला हात लावलाच तर आधीचे आणि नंतरचे गुण ताडून बघा, क्लॉकवर विश्वास ठेवू नका.

कूलरची बसवणी तपासा. सोबतच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि त्यातली एखादी अर्धवट बसलेली असणं ही नेहमीची गोष्ट. चारही पिना बोर्डाच्या मागून सारख्या बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. परत बसवायच्या तर आधी चारही पिनांची डोकी मूळ स्थितीत फिरवा, मग समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, कट्ट असा आवाज आला की उरलेल्या दोन. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेल्या कापडाने पूर्ण काढा. या प्रोसेसरचं डोकं चौकोनी नाही, लांबट आहे, आणि आतली चिपही लांबट. म्हणून मध्ये एक थेंब टाकण्याऐवजी लांबीच्या दिशेने साधारण ३ सेंटिमीटरची बारीक रेघ ओढा. बोटाने पसरू नका.

नवा कूलर घेणार असाल तर चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर पुरे. डीपकूल एके४०० वगैरे. त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते मोजा. एलजीए१७०० साठीची पट्टी खोक्यात आहे ना तेही बघा, कारण या सॉकेटची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत आणि आधीच्या पिढ्यांची ७५ वर. जुनी पट्टी बसत नाही.

पण एक धोका सांगतो, कारण तो कोणी सांगत नाही. सोबतचा कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो. ती हवा पसरून व्हीआरएमवरूनही जाते. टॉवर कूलर हवा आडवी, मागच्या पंख्याकडे नेतो. म्हणजे प्रोसेसर २० अंशांनी थंड होतो, पॉवर मर्यादा मोकळी राहिली तर तो जास्त वॅट ओढायला लागतो, आणि उघडे मॉस्फेट वारा नसल्यामुळे आधीपेक्षा जास्त तापतात. लोक नवा कूलर लावतात आणि ०.८ चे झटके वाढतात ते यामुळे. टॉवर लावलात तर मर्यादा ११० च्या वर नेऊ नका आणि कॅबिनेटच्या छतावर, मागच्या कोपऱ्यात, हवा बाहेर फेकणारा एक पंखा द्या. तो बरोबर व्हीआरएमच्या वर येतो.

---

निळीरेघ

३६० लिक्विडला इतका विरोध कशाला? एकदा खर्च केला की प्रोसेसरची काळजी मिटली. १२७००एफ पूर्ण १८० वॅटवर चालवता येईल.

---

बोर्डदुरुस्त

@निळीरेघ, प्रोसेसरची मिटेल, बोर्डाची नाही. १८० वॅट त्याच उघड्या मॉस्फेटमधून जाणार आणि लिक्विड कूलरचा पंप सॉकेटपाशी अजिबात वारा देत नाही. शिवाय ३६० चा रेडिएटर या कॅबिनेटमध्ये काचेमागेच लागेल. मग ग्राफिक कार्डाला मिळणारी हवा आधी रेडिएटरमधून तापून येईल, आणि यांच्या कार्डाला तेच परवडणारं नाही. चांगला बोर्ड आणि जाळीचं कॅबिनेट असतं तर मी वेगळं बोललो असतो.

---

जाळीदार

कॅबिनेटबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

आधी एक साधी चाचणी. पुढची काच आणि बाजूची काच दोन्ही काढा, तोच गेम, तीच जागा, वीस मिनिटं. कार्ड ५ अंशांपेक्षा जास्त उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय. २-३ च उतरलं तर दोष आतल्या भागांत आहे, नवं कॅबिनेट घेऊन उपयोग नाही.

काचेच्या पुढ्यात पंखे कितीही असोत, हवा येते ती काचेच्या कडेच्या फटीतून. फट बोटभरही नसेल तर पंखे तीच आतली गरम हवा घुसळत राहतात. काच काढून त्या जागी बारीक नायलॉनची डास-जाळी ताणून लावता येते. धूळ थोडी वाढते, पण ती साफ करता येते.

पंख्यांची दिशा तपासा. शोभेची बाजू बाहेरून दिसावी म्हणून पंखे उलटे बसवलेले पुष्कळदा सापडतात. साध्या पंख्यात हवा उघड्या बाजूने आत जाते आणि ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात तिथून बाहेर पडते. आरजीबीवाले काही पंखे मुद्दाम उलट पात्यांचे येतात, म्हणून डोळ्यांनी ठरवू नका. पेटलेली अगरबत्ती काही सेकंद पंख्यापाशी धरा, धूर कुठे ओढला जातो ते दिसेल. राख आत पडू देऊ नका. पुढचे आत, मागचा बाहेर. छतावर पुढच्या कोपऱ्यात पंखा लावू नका, तो आत आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकतो.

हे आरजीबी पंखे मोलेक्सवर, म्हणजे जुन्या चार पिनांच्या जाड कनेक्टरवर जोडलेले असतील तर ते कायम एकाच वेगाने फिरतात. बोर्डाला त्यांचा वेग बदलता येत नाही, मग बायोसमध्ये फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग) लावत बसण्यात अर्थ नाही. मदरबोर्डाला लागणाऱ्या ४ पिनांचे पीडब्ल्यूएम (वेग बदलता येणारे) पंखे असले तर कर्व्ह असा ठेवा : ६० अंशांखाली ४० टक्के, ७० ला ६०, ८० ला ८५, ८८ ला पूर्ण. खोलीच ३९ असताना ४० ते ५५ अंशांमधल्या पायऱ्यांना काही काम उरत नाही, तिथे वेग चढवला तर नुसता घरघराट होतो.

साफसफाई ब्लोअरने, वीतभर अंतरावरून, आणि प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून. जोरात फिरू दिलं तर बेअरिंग जातात. पंपावरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. खानदेशात एप्रिल-मे मध्ये महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोन महिन्यांतून एकदा. एसएमपीएसच्या खालची जाळी विसरू नका.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. केलं ते लिहितो. सगळ्या चाचण्या दुपारी, खोली ३८.

'आयए : प्रोचॉट' आणि 'व्हीआर थर्मल अलर्ट', दोन्हींपुढे 'येस' होतं. कूलरची एक पिन खरोखरच अर्धवट होती. चारही परत बसवल्या, पेस्ट बदलली, दोन्ही मर्यादा ७५ केल्या. पुढची काच काढून जाळी लावली. मागचा पंखा बरोबर होता, पुढच्या तिघांतला एक उलटा निघाला.

आता सीपीयू कमाल ९१, व्हीआरएम ९३, ०.८ चे झटके पूर्ण बंद. एफपीएस ८५ च्या आसपास स्थिर. कार्ड ७७ वर आलं, पण हॉट स्पॉट अजून १०१ आहे. फरक २४, म्हणजे तसाच. कार्डाची वॉरंटी अजून वर्षभर आहे. उघडू का?

---

उष्मागती

फरक तसाच राहिला म्हणजे पेस्टचं किंवा हीटसिंकच्या बसवणीचं निदान पक्कं झालं. हवा सुधारली तेव्हा दोन्ही आकडे सोबत उतरले, मधलं अंतर जिथल्या तिथे.

वॉरंटी आहे तोवर उघडू नका. स्क्रूवर स्टिकर असेल तर तो फाटला म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. विक्रेत्याला किंवा सेवा केंद्राला ईमेल करा, तोंडी बोलू नका. सोबत कोर आणि हॉट स्पॉट एकाच चित्रात दिसतील असा स्क्रीनशॉट, खोलीचं तापमान आणि पंख्याचा वेग द्या. 'गेम अडकतो' असं लिहिलं तर ड्रायव्हर टाकून परत पाठवतात. 'भाराखाली कोर आणि हॉट स्पॉटमध्ये २४ अंशांचा फरक' असं लिहा.

तोपर्यंत अंडरव्होल्ट, म्हणजे कार्डाला कमी व्होल्टेज. याने वॉरंटीला धक्का लागत नाही, सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्यासाठीचं एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं.

१. कोर क्लॉक उणे २५० करा आणि लागू करा.
२. कंट्रोल + एफ दाबा, वक्ररेषा उघडेल. आडव्या अक्षावर ८५० मिलिव्होल्टचा ठिपका शोधा आणि वर ओढून १८०० मेगाहर्ट्‌झवर न्या.
३. परत लागू करा. ८५० च्या उजवीकडचे सगळे ठिपके १८०० वर सपाट झाले पाहिजेत. एखादा वर राहिला तर पहिल्या पायरीत आणखी ५० कमी करा.

कार्ड २०० वॅटऐवजी १५०-१६० ओढेल. तुमचा क्लॉक तापून १५६० वर घसरत होता, इथे १८०० टिकेल, म्हणजे एफपीएस उलट वाढायला हवा. गेम अर्ध्या तासात बंद पडला किंवा पडद्यावर चौकटी दिसल्या तर ८७५ मिलिव्होल्ट घ्या. प्रत्येक चिप सारखी नसते, माझा आकडा सुरुवात म्हणून धरा. एक तास नीट चालल्याशिवाय 'विंडोज सुरू होताना लागू करा' हे बटण दाबू नका.

मेमरीचं तापमान दिसत नाही म्हणून काळजी करू नका. ३०६० टीआयच्या जीडीडीआर६ कार्डांत एचडब्ल्यूइन्फो तो आकडा दाखवत नाही, तो जीडीडीआर६एक्स वाल्यांत दिसतो.

वॉरंटी संपल्यावर उघडाल तेव्हा दोन गोष्टी. एक, कार्डाच्या चिपवर धातूचं झाकण नसतं आणि ती रोज तापून-निवून प्रसरण पावते, त्यामुळे पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला ढकलली जाते. घट्ट पेस्ट वापरा, किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज पट्टी. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन जागा भरते आणि सहसा सरकत नाही. तुमच्या हवामानात मी पट्टीच घेईन. दोन, मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर जाडी मोजूनच नवे घ्या. अर्धा मिलिमीटर जाड लावला तरी हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि हॉट स्पॉट आधीपेक्षा वाईट होतो. चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू आडव्या-तिरप्या जोडीने, अर्धा-अर्धा आटा फिरवत आवळा. पंख्याची बारीक केबल हीटसिंक उचलायच्या आधी सोडवा, ओढली तर बोर्डावरचा सॉकेट उपटून येतो.

---

तापीकाठ

८५० वर चाललं नाही, गेम बंद पडला. ८७५ वर १८०० तासभर व्यवस्थित. कार्ड ७०, हॉट स्पॉट ९०, पॉवर १६० च्या आत. एफपीएस ८८-९०. ईमेल पाठवला आहे. शेवटचा प्रश्न : डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटकडे वळवला तर चालेल का? तिथली हवा १० अंशांनी थंड असते.

---

जाळीदार

झोत थेट नको. कूलरच्या गवतातून किंवा हनीकोंब पॅडमधून हवेसोबत पाण्याचे बारीक कण येतात. बोअरचं पाणी जड असेल तर ते सुकल्यावर हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर बसतो, आणि ओल्या पात्यांना चिकटलेली धूळ ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. कनेक्टरवर कण बसले तर गंजही धरतो.

कूलरने खोली थंड होऊ द्या. मशीन झोताच्या रेषेबाहेर, कूलरपासून दोन-अडीच मीटरवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर कूलर खोलीत नुसती दमट हवा कोंडतो आणि तासाभराने तापमान उतरायचं थांबतं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, चार-पाच इंच उंच पाटावर ठेवा.

आणि एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ८० लावून बघा. आत्ता कार्ड ८८-९० साठी पूर्ण जोर लावतंय, ८० वर त्याला श्वास घ्यायला जागा मिळेल, फ्रेममधलं अंतर सारखं राहील. मेन्यू आणि लोडिंगच्या पडद्यावर कार्ड उगाच शेकडो फ्रेम काढत बसतं तेही थांबेल. एप्रिल-मे पुरतं ८० ठेवा, पाऊस पडला की काढा.